देवमासा, वारा आणि अधिवासाचा दाखला

नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्या माणसानं देवमासा बघायला जावं की जाऊ नये, याबद्दल कुठलाही शासन निर्णय नाही. मी शोधला. बत्तीस वर्षं महसूल खात्यात काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला आधार सापडल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही. आधार नसताना मी ते उचललं, आणि पुढचं सगळं त्यामुळंच घडलं, असं माझं आजही प्रामाणिक मत आहे.

माझी मुलगी दिपाली. पुण्यातच शिकून प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि तिथंच दोन वर्षं कुठल्याशा संस्थेत काम करत होती. दसऱ्याला घरी आली ती सगळं सामान बांधूनच. मला वाटलं, आता इथंच राहणार. श्रीखंडाची वाटी माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "अप्पा, माले कॅनडाथून बलावनं उनं. पाच वरीसनं काम शे."

"कसानं काम?"

"देवमासा मोजानं."

आम्ही घरात अहिराणीच बोलतो. शुद्ध मराठी मी कचेरीसाठी राखून ठेवलेली आहे. पण त्या क्षणी मला दोन्ही भाषांत काही सुचेना. शेवटी म्हणालो, "देवमासा मोजाले कॅनडा कसाले? तो काय तठेच रेशनकार्ड काढी बठेल शे का? आपला कोकणमा बी समिंदर शे."

ती हसली. तिची आई असती तर तिनं मला त्याच वेळी ओळखलं असतं. शीलाला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून या घरात जो काही आवाज होतो तो दिपालीच्या फोनचा, नाहीतर कुकरचा.

'जाऊ नको' हे दोन शब्द आहेत. अर्जदाराला 'उद्या या' म्हणायला मला कधी जड गेलं नाही, पण हे दोन शब्द काही केल्या तोंडातून निघेनात. म्हणून मी दोन कामं केली. पहिलं, कोकणची तिकिटं काढली. पावसाळा संपल्यावर तिकडं पर्यटकांना होडीतून देवमासे दाखवायला नेतात, असं पेपरात वाचलं होतं. देवमासे घरच्या घरी उपलब्ध आहेत हे पुराव्यानिशी दाखवलं की मुलगी आपोआप थांबेल, अशी माझी मांडणी होती.

दुसरं काम सांगायला लाज वाटते. पण सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

ते देवमासे मोजणं म्हणजे तिकडची पीएच.डी. होती, आणि त्यासाठी दिपालीला परदेशी शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती मंजूर होत होती. तिला एकच कागद कमी होता, अधिवासाचा दाखला. ती इथलीच आहे असं सरकारनं लिहून दिल्याशिवाय तिला इथून जाता येणार नव्हतं. मुदत एकतीस ऑक्टोबर. अर्ज आमच्याच जुन्या कचेरीत, भूपेंद्रच्या टेबलावर आलेला. भूपेंद्र माझ्या हाताखाली तयार झालेला. मी त्याला चहाला बाहेर काढलं आणि उभ्या उभ्या त्रुटी सांगितली: 'अर्जदार मागील सहा वर्षांपासून पुणे येथे वास्तव्यास असल्याचे दिसून येते. सलग अधिवासाबाबत खुलासा व्हावा. सबब अर्ज परत.'

भूपेंद्रचा चहा हातातच राहिला. "आण्णा, भाहेर शिकाले गयं म्हणीसन अधिवास जात नही. तुम्हीच शिकाडेल शे माले."

"लिख," मी म्हणालो.

त्यानं लिहिलं. आठवड्याभरात दिपालीच्या मोबाइलवर त्रुटीचा संदेश आला. तिनं तो मला दाखवला. मी चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणालो, "देखसूत. भाऊबीज व्हवू दे." तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं, इतकंच.

देवमाशाची बातमी गल्लीत पसरली. शेजारचे चुनीलालभाऊ एसटीत कंडक्टर होते. त्यामुळं कुठल्याही वाहनाबद्दल ते अधिकारानं बोलतात. ते म्हणाले, "आण्णा, मासा मोठा शे का होडी मोठी शे, ते पहिले ईचारी ल्या. आनि बठानी जागा मांगली नका ल्यू, भलता आदळस." समोरच्या प्रमिलाबाईंनी बेंबीला लावायला हिंग, खिशात ठेवायला कांदा आणि खायला दशम्या दिल्या. "भाऊ, उलटी उनी त वारानाकडे तोंड करू नका," असंही त्यांनी बजावलं. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. मी हो हो म्हणून सोडून दिलं.

दशम्या फडक्यात बांधता बांधता त्या हळूच म्हणाल्या, "पोर दूर जाई ऱ्हायनी म्हणीसन जीव खाऊ नका, भाऊ. मन्ही रूपाली सुरतले शे. चार तासवर. वरीसमा एक दाव येस."

मी दशम्यांबद्दल त्यांचे आभार मानले.

नंदुरबारहून सुरत आणि सुरतहून कोकणची गाडी, असा प्रवास करून आम्ही पंचवीस तारखेला सकाळी त्या बंदरावर उतरलो. बंदर लहान. एक धक्का, दहा-बारा होड्या, माशांची जाळी आणि वारा. वारा म्हणजे कसा? माझी टोपी उडाली ती थेट एका होडीत जाऊन बसली. आमच्यापैकी सर्वांत आधी समुद्रात जाण्याचा मान टोपीलाच मिळाला.

आमच्या होडीचा तांडेल, म्हणजे ती चालवणारा, वाळलेल्या खारकेसारखा म्हातारा होता. त्यानं टोपी आणून दिली आणि म्हणाला, "काका, बंदरात बावटो लागलो आसा. वारो पडाक व्हयो, मगे जावया."

"देवमासा नक्की दिसतो ना?" मी विचारलं.

"डॉल्फिन दिसतत. देवमासो..." त्यानं हात आकाशाकडं केला. "गेल्या वर्षी दोनदा दिसलो."

पर्यटन संस्थांच्या जाहिरातींत आणि तांडेलच्या बोलण्यात एवढी तफावत असेल तर रीतसर तक्रार करता येते. पण मी ती केली नाही. खरं सांगायचं तर बावट्याचं, म्हणजे वाऱ्यामुळं समुद्रात जायला बंदी असल्याचं, ऐकून मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं. वारा जितके दिवस राहील तितकी एकतीस तारीख जवळ येत होती.

होडीसाठी आधी नोंदणी करायची होती. धक्क्यावरच्या खोलीत एक तरुण कारकून फॉर्म घेऊन बसलेला. त्यात एक रकाना होता: 'आपत्कालीन प्रसंगी संपर्क'. मी दिपालीचं नाव लिहिलं. दिपालीनं माझं लिहिलं.

कारकुनानं दोन्ही फॉर्म परत केले. "दोघंही होडीत असणार. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचं नाव द्या."

त्रुटी बिनतोड होती. मी मनात त्याला शाबासकी दिली आणि पेन उचललं. पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. आम्हा दोघांचं बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं? शीला नव्हती. माझे भाऊबंद बांधाच्या भांडणानंतर बोलत नाहीत. साठ वर्षं माणसांत काढली आणि एक रकाना भरता येईना. मागं रांग खोळंबली. दिपाली हळूच म्हणाली, "चुनीलालकाकानं नाव लिखा." मी लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'शेजारी' लिहिताना तो शब्द मला फार लहान वाटला.

आता, त्या कारकुनाला खातरजमा करायची सवय असेल हे मला कसं कळावं? त्यानं दुपारी चुनीलालभाऊंना फोन लावला आणि विचारलं, "होडीसाठी हेमकांत पाटील यांचा संपर्क म्हणून तुमचं नाव आहे, बरोबर?" चुनीलालभाऊंना वाऱ्यात 'होडी' आणि 'हेमकांत पाटील' एवढंच ऐकू आलं. पुढच्या अर्ध्या तासात आमच्या दारात चाळीस माणसं जमली. प्रमिलाबाईंनी रडायला सुरुवात केली. कुणीतरी आमच्या वाचनालयात शोकसभेचं बोलूनही आलं. शेवटी चुनीलालभाऊंचा माझ्याच मोबाइलवर फोन आला; मी उचलून बोलू लागलो तर ते रडत म्हणाले, "आण्णा, तुम्ही कठून बोली ऱ्हायनात?"

"लॉजमाथून," मी म्हणालो.

शोकसभेला माझ्यावर बोलायला चौघे तयार झाले होते म्हणे. निवृत्तीच्या समारंभात दोघेच बोलले होते.

पंचवीस गेली, सव्वीस गेली, सत्तावीस गेली. बावटा काही उतरेना. मी रोज सकाळी खिडकी उघडून वारा तपासायचो आणि समाधानानं चहा मागवायचो. एकच गोष्ट खटकत होती. दिपालीला घाई नव्हती. दाखल्याचं नाव नाही, तारखेचं नाव नाही. दिवसभर धक्क्याच्या टोकाला वाऱ्याकडं तोंड करून बसायची. संध्याकाळी माझ्यासमोर जेवायला बसली की मधूनच थांबायची आणि मी काही बोलतोय का, असं बघायची. मी भातात मीठ कमी आहे असं म्हणायचो.

अठ्ठावीसला बावटा उतरला. वारा उतरला नव्हता. पण सरकारी दृष्ट्या तो उतरला होता.

होडीत आम्ही नऊ प्रवासी, तांडेल आणि त्याचा भाऊ. मी चुनीलालभाऊंचं ऐकून पुढं बसलो. पुढं जास्त आदळतं, हे मला होडी धक्क्यापासून शंभर हात गेल्यावर समजलं. चुनीलालभाऊंचा सगळा अनुभव एसटीचा. एसटीत मागं आदळतं. लाट आली की होडी उभी राहायची, मग खाली पडायची, आणि माझं पोट वरच राहायचं. आयुष्यात धडगावचा घाट मी शेकडो वेळा चढलो-उतरलो. जीपमध्ये चौदा माणसं आणि दोन बकऱ्या असताना चढलो. कधी ओकलो नाही, हे मी आजूबाजूच्यांना सांगत होतो. ते सांगून पुरतं झालं नाही तोच मी ओकलो. वाऱ्याकडं तोंड करून.

दिपालीनं माझा शर्ट पुसला, तोंड पुसलं, माझं डोकं मांडीवर घेतलं. खिशातला कांदा माझ्या नाकाला लावला. शेजारच्या नवपरिणीत जोडप्यानं तोंडं फिरवली. निवृत्त अव्वल कारकून भर समुद्रात कांदा हुंगत पडला होता, आणि मला वाटत होतं की तिनं डोकं असंच धरून ठेवावं, होडी किनाऱ्याला लागूच नये.

दोन तास गेले. डॉल्फिन दिसले, मी त्यांची फक्त नोंद घेतली. तांडेलनं होडी वळवली. आणि तेव्हा तो आवाज आला. घाट उतरून आलेली एसटी थांबताना हवेचा जो फुसकारा सोडते ना, तसा. पण चाळीस एसट्या एकदम थांबल्यासारखा. वाऱ्यावरून कुजक्या मासळीचा वास आला. दिपालीनं माझं डोकं मांडीवरून उचललं आणि फळीवर ठेवलं. हळूच ठेवलं, पण ठेवलं.

मी कसाबसा उठून बसलो. पाण्यातून एक काळी पाठ वर येत होती. येतच होती. ओल्या डांबरी रस्त्यासारखी लांब, चकचकीत. तिला शेवट आहे की नाही असं वाटेपर्यंत ती सरकत राहिली आणि मग आवाज न करता खाली गेली.

होडीत आरडाओरडा झाला, मोबाइल वर गेले. दिपाली ओरडली नाही. तिनं एका हातानं खांब धरला, दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाली, "तांडेल, इंजिन बंद. कुणीही उभं राहू नका." मी तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. तांडेल तिच्या आजोबांच्या वयाचा, त्यानं मुकाट इंजिन बंद केलं. सगळे खाली बसले. तिनं वही काढली. वाऱ्यात पानं फडफडत होती; ती गुडघ्यानं दाबून लिहीत होती. "नऊ-दहा मिनिटांनी वर येईल," ती बोटानं दाखवत म्हणाली. "तिकडं. एकटा नाही. मादी आहे, पिल्लू असणार."

नऊ मिनिटांनी, तिकडंच, पाठ वर आली. आणि तिच्या कुशीला चिकटून दुसरी, लहान.

मी त्या माशांकडं पाहायला हवं होतं. त्यासाठीच एवढं केलं होतं. पण मी दिपालीकडं पाहत होतो. केस तोंडावर, ओठ खाऱ्या पाण्यानं फुटलेले, होडी हेलकावतेय आणि ती घरच्या ओट्यावर उभी असावी तशी निवांत. शीला गेल्यापासून ती घरात हसायची, पण माझ्याकडं बघून हसायची, मला बरं वाटावं म्हणून. आता ती माझ्याकडं बघत नव्हती, आणि हसत होती.

परतताना ती माझ्याजवळ येऊन बसली. मी इंजिनाच्या आवाजात म्हणालो, "दिपू, ती त्रुटी मी काढाले लावेल व्हती."

तिनं वही मिटली. "माले मालूम शे."

"भूपेंद्रनी सांगं?"

"'सबब' आते कोन लिखस, अप्पा? भूपेंद्रकाकाले त ते लिखता बी येत नही."

"मंग बोलनी नही कसाले?"

"तुम्ही सांगशात म्हणीसन वाट देखी ऱ्हायंती. चार दिन."

मग विचारायला नको ते विचारलं. "आनि मी नही सांगतू त?"

"त मी जाती नही," ती म्हणाली. "एवढं सांगाले बी तुम्हनी हिंमत नही त तुम्हले एकटं सोडीसन कशी जाती?"

म्हणजे आणखी तीन दिवस तोंड मिटून बसलो असतो तर ती राहिली असती. हे मला किनाऱ्यापासून अर्ध्या तासावर समजलं, आणि तो अर्धा तास मी ओकलो नाही. ओकायला आत काही उरलंच नव्हतं.

परतीची तिकिटं तीस तारखेचीच होती; एकतीसला सकाळी आम्ही थेट स्टेशनवरून कचेरीत गेलो. भूपेंद्र म्हणाला, "आण्णा, त्रुटी ऑनलाइन पडी गयी. आते ती माले बी काढता येत नही. नवा अर्ज, खुलासा, स्वयंघोषणापत्र. मंग साहेबनी सही." ही पद्धत इतकी पक्की असावी असा आग्रह एकेकाळी माझाच होता. मी बाहेर बाकावर बसून खुलासा लिहिला. 'सदर अर्जदार ही माझी एकुलती एक मुलगी असून ती येथील कायम रहिवासी आहे. ती शिक्षणासाठी बाहेर गेली तरी तिचे घर येथेच आहे व राहील.' आयुष्यात मी हजारो खुलासे वाचले, लिहिले. एवढा साधा मसुदा माझ्या हातून कधी झाला नव्हता.

साहेब मीटिंगला गेले होते. मग वीज गेली. मग वीज आली आणि नेट गेलं. त्या बाकावर मी पहिल्यांदाच इतका वेळ बसलो. माझ्या शेजारी मोलगी गावाकडचा एक म्हातारा पहाटेपासून बसला होता. त्यानं मला त्याच्या पिशवीतल्या शेंगा दिल्या आणि काहीच विचारलं नाही. पावणेसहाला दाखला हातात पडला. दिपालीनं तो तिथंच जिन्यात बसून पाठवला. मग माझ्या खांद्याला डोकं लावून बसली. साफसफाईवाल्या बाईनं झाडून घेऊ द्या म्हणेपर्यंत आम्ही तसेच होतो.

जानेवारीत ती गेली. नंदुरबार स्टेशनवर गल्लीतली सगळी माणसं आली होती. गाडी सुटताना सगळ्यांनी हात हलवले. मी हातातली पाण्याची बाटली तिला द्यायची विसरलो, आणि ती घेऊन गाडीच्या बरोबर दहा-वीस पावलं पळालो. साठाव्या वर्षी प्लॅटफॉर्मवर पळू नये. लोक बघतात.

मार्चमध्ये एके दिवशी सकाळी सात वाजता फोन आला. तिकडं संध्याकाळ होती. सुरुवातीला नुसता वारा ऐकू आला. मग तिचा श्वास. मग ती रडायला लागली. पाच दिवस वाऱ्यानं होड्या बंद होत्या, खोलीत हीटर चालत नव्हता, बरोबरच्या मुलीशी पटत नव्हतं, आणि त्या आठवड्यात तिनं एकही देवमासा पाहिला नव्हता.

"अप्पा, माले आठे नही ऱ्हावानं," ती म्हणाली. "मी घर येस. तुम्ही फक्त ये म्हना."

हे वाक्य ऐकायला मी काय काय केलं होतं! एक दाखला अडवला होता, समुद्रात जाऊन आलो होतो. आता ते वाक्य आपल्या पायानं चालत माझ्या कानाशी आलं होतं. 'ये' हा एकच शब्द होता.

"जेवनी का?" मी विचारलं.

"नही."

"पहिले जेवी ले. पोटमा काही नही म्हणीसन असं व्हस."

"आनि मंग?"

"मंग झोप. सकाय उठीसन काम वर जा."

मग नाक पुसल्याचा आवाज आला. "बरं," ती म्हणाली. "ठेवस."

फोन बंद झाला. मी तो कानाला तसाच धरून दारात आलो. समोर प्रमिलाबाई सडा टाकत होत्या. त्यांनी मान वर केली. "दिपालीना फोन व्हता का? काय म्हनस पोर?"

"मजामा शे," मी म्हणालो. "काम भलतं शे म्हने. बोलाले बी टाइम नही."

आणि चेहरा जराही हलू न देता आत आलो, दार लावलं, आणि मग बसलो.